‘अचानक’ चावलेला कुत्रा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शिक्षकांच्या एका शिबिराला आम्ही गेलो होतो. दुपारच्या जेवणानंतर प्राथमिक शाळेतल्या एका बाईंनी आम्हाला आपल्या मोबाइलवरचा एक फोटो दाखवला. त्यांचा पावणेदोन वर्षांचा मुलगा घरातल्या पांढऱ्या पॉमेरेनियनच्या गळ्यात दोन्ही हात टाकून बसला आहे आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतो आहे. नातेवाइकांनी या फोटोचे भरपूर कौतुक केले होते. त्यानंतर बारा दिवसांनी, ऐन गणपतीत, त्याच कुत्र्याने त्याच मुलाच्या वरच्या ओठाला चावा घेतला. “चार वर्षे घरात आहे, कधी कोणाला दात लावला नाही. अचानक चावला हो!” बाई सांगत होत्या. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे कुत्रा देऊन टाकावा असे होते. बाईंना मात्र हे ‘अचानक’ का झाले ते समजून घ्यायचे होते.

आम्ही तो फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. कुत्र्याने मान मुलाच्या विरुद्ध दिशेला वळवली होती, पण नजर मुलावरच होती, त्यामुळे डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसत होता. कान मागे चिकटलेले होते. तोंड मिटलेले, फक्त जिभेचे टोक बाहेर येऊन नाकाला लागलेले. चावा गणपतीत पडला, पण कुत्र्याची तक्रार बारा दिवस आधीच नोंदवली गेली होती, आणि तीही फोटोत!

प्राण्यांच्या चेहऱ्यावर आणि शरीरावर भावना कशा उमटतात, याचा पद्धतशीर विचार चार्ल्स डार्विनने १८७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केला. त्यात कुत्र्याला बरीच जागा मिळाली आहे. चाल करून जाणारा कुत्रा अंग ताठ करतो, शेपूट उभी धरतो. लाडात आलेला कुत्रा नेमके याच्या उलट, अंग सैल सोडून वाकतो, हे डार्विनने टिपले होते. अलीकडच्या काळात ब्रिटनमधील पशुवैद्य केंडल शेफर्ड यांनी कुत्र्याच्या नापसंतीच्या खुणा एका शिडीच्या रूपात मांडल्या. शिडीच्या तळाच्या पायरीवर जांभई देणे, डोळे मिचकावणे आणि नाक चाटणे या खुणा आहेत. त्यानंतर मान फिरवणे, अंग फिरवणे, उठून निघून जाणे, कान मागे टाकून दबकत चालणे, शेपूट पायांत घालणे, पोट दाखवून आडवे होणे, मग अंग ताठ करून रोखून बघणे, गुरगुरणे, हवेत तोंड मारणे, आणि सर्वांत वर चावा. प्रत्येक कुत्रा प्रत्येक वेळी सगळ्या पायऱ्या चढतोच असे नाही. पण खालच्या पायऱ्यांवर केलेली विनंती कोणी ऐकत नाही असा अनुभव वारंवार आला, की तो त्या गाळायला शिकतो.

जांभई आणि नापसंती यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. फळ्याजवळ उभे केलेल्या आणि उत्तर न येणाऱ्या विद्यार्थ्याला आठवून पाहा. तो डोके खाजवतो, सदऱ्याचे टोक पिळतो. डोक्याला खाज सुटलेली नसते. मनातला ताण कुठल्यातरी असंबद्ध हालचालीतून बाहेर पडत असतो. कुत्र्याची अवेळी जांभई आणि जवळपास अन्न नसताना नाक चाटणे ही याच जातीची वागणूक आहे.

आता हे सारे पावणेदोन वर्षांच्या मुलाला कळेल का? इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठात कर्स्टिन माइंट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना कुत्र्यांच्या चित्रफिती दाखवून, हा कुत्रा कसा वाटतो, असे विचारले. हे काम २०१८ साली प्रसिद्ध झाले. गुरगुरणाऱ्या, दात दाखवणाऱ्या कुत्र्यांबाबत तीन-चार वर्षांच्या मुलांची निम्म्याच्या आसपास उत्तरे चुकली, आणि चुकलेल्यांपैकी बहुतेकांना तो कुत्रा आनंदात आहे असे वाटले. यात आश्चर्य नाही. माणसाच्या जगात दात दिसणे म्हणजे हसणे, आणि हसणाऱ्या तोंडाजवळ आपले तोंड न्यायचे असते, हे मूल पहिल्या वर्षातच शिकलेले असते. त्याच शिकवणीच्या आधारे ते गुरगुरणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाशी जाते. लहान मुलांना पडणारे चावे फार मोठ्या प्रमाणात चेहरा, डोके आणि मानेवर का असतात, याचे हे एक कारण. दुसरे कारण साध्या मापाचे आहे: रांगणाऱ्या मुलाचे तोंड आणि छोट्या कुत्र्याचे तोंड जमिनीपासून जवळजवळ सारख्याच उंचीवर असते.

पालकांची उत्तरेही सगळी बरोबर आली नव्हती, हे येथे नमूद करायला हवे. नाक चाटणाऱ्या किंवा मान फिरवणाऱ्या कुत्र्याच्या सौम्य खुणा मोठ्यांच्याही नजरेतून सुटतात.

कुत्रा छोटा असला की ही चूक आणखी वाढते. अल्सेशियन गुरगुरला तर घरातले सगळे जागच्या जागी थांबतात. पॉमेरेनियन किंवा डॅशहंड गुरगुरला की आपण हसतो, “बघा, किती राग येतो!” म्हणतो, आणि त्याला उचलून पुन्हा मुलाच्या मांडीवर ठेवतो. म्हणजे छोट्या कुत्र्याची शिडीवरची बहुतेक सारी विनंती वाया जाते. अमेरिकेत डफी, श्यू आणि सर्पेल यांनी हजारो मालकांकडून माहिती घेऊन २००८ साली जातीनिहाय तुलना प्रसिद्ध केली. माणसांविरुद्धच्या आक्रमकतेत डॅशहंड आणि चिवावा या छोट्या जाती वरच्या क्रमांकावर आल्या. व्हिएन्नातील एका अभ्यासात, २०१० साली, असे आढळले की छोट्या कुत्र्यांचे मालक त्यांच्याशी वागताना अधिक विसंगत असतात. आज ओरडतात, उद्या त्याच गोष्टीचे लाड करतात. यात जातीचा स्वभाव किती आणि आपले वागणे किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. मोठ्या कुत्र्याच्या चाव्याने इजा जास्त होते, हेही खरेच. पण ‘एवढासा तर आहे’ हा युक्तिवाद पावणेदोन वर्षांच्या मुलाच्या ओठापुढे टिकत नाही.

काही छोट्या जातींचे चेहरे वाचायलाही कठीण असतात. पगच्या तोंडावर मुळातच घड्या आणि शेपटीचे वेटोळे. शिह त्झूच्या डोळ्यांवर केसांची झालर. ज्या खुणांबद्दल आपण बोलतो आहोत, त्यातल्या निम्म्या माणसाने जाती घडवताना झाकून टाकल्या आहेत.

कुत्र्याच्या बाजूनेही थोडा हिशोब करू. तीन किलोच्या कुत्र्यापुढे अकरा किलोचे मूल म्हणजे साठ किलोच्या माणसापुढे दोनशे वीस किलोचा प्राणी, आणि तोही तोल न सांभाळता येणारा. अगदी छोट्या जातींच्या पुढच्या पायांची हाडे बारीक असतात. मुलाच्या हातून किंवा सोफ्यावरून पडून ती मोडण्याचे प्रसंग पशुवैद्यांना नेहमी दिसतात, आणि मनगटाजवळच्या भागाला रक्तपुरवठा कमी असल्यामुळे हाड जुळायलाही वेळ लागतो. डॅशहंडची लांब पाठ मणक्यांच्या चकत्यांच्या दुखण्याला बळी पडते. अशा पाठीवर मूल घोडाघोडा खेळायला बसले तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: पाच-सहा वर्षांखालील मुलाने उभे राहून कुत्र्याला उचलू नये. मूल खाली बसलेले असावे आणि कुत्रा स्वतःहून आला तर यावा.

पुन्हा त्या बाईंच्या घरी जाऊ. आम्ही विचारत गेलो, तसतशी त्या दिवसाची हकिकत उलगडत गेली. घर पाहुण्यांनी भरलेले होते. बाहेर ढोल वाजत होते. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर कुत्र्याला सुमारे ४५,०००पर्यंतचे. आपल्याला नुसता गोंगाट वाटतो त्यात त्याला आणखी बरेच काही ऐकू येत असते. कुत्रा सकाळपासून पलंगाखाली भिंतीशी जाऊन बसला होता. मुलाच्या हातातला मोदक पडला आणि घरंगळत पलंगाखाली गेला. त्यामागे मूल रांगत गेले. बाहेर खुर्च्यांवर सहा मोठी माणसे बसलेली होती. पैकी एका आजींनी गुरगुर ऐकली होती आणि कुत्र्यालाच दटावले होते.

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात इलाना राइस्नर यांनी मुलांना चावलेल्या १०३ कुत्र्यांच्या १११ घटना तपासल्या, तो अभ्यास २००७ सालचा. सहा वर्षांखालील मुलांना पडलेले चावे मुख्यतः कुत्रा अन्न किंवा एखादी वस्तू राखत असतानाचे होते. सुमारे दोन तृतीयांश कुत्रे त्यापूर्वी कोणत्याही मुलाला चावलेले नव्हते. म्हणजे ‘आजवर कधी चावला नाही’ हे प्रमाणपत्र फारसे उपयोगाचे नाही. आणि जवळजवळ निम्म्या कुत्र्यांना काहीतरी दुखणे होते किंवा असल्याची शंका होती. हे वाचून आम्ही बाईंना कुत्र्याला पशुवैद्याकडे दाखवण्यास सुचवले. नंतर त्यांचे पत्र आले: मागची एक दाढ किडून हिरडी सुजलेली निघाली. छोट्या जातींमध्ये दातांची दुखणी फार आढळतात आणि कुत्रा ती सांगत नाही. अन्न, कोंडलेली जागा, गोंगाट, दुखणारा जबडा आणि दटावलेली गुरगुर एवढे सगळे जमल्यावर जे झाले त्याला ‘अचानक’ म्हणता येणार नाही.

गुरगुरीबद्दल दोन शब्द अधिक लिहायला हवेत. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारून गप्प करता येते, पण त्याने त्याची भीती जात नाही, फक्त इशारा जातो. पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावतो. गुरगुर ऐकू आली की मुलाला शांतपणे बाजूला घ्यावे. कुत्र्याला बोलावून घेतले तरी चालेल, पण पलंगाखाली हात घालून ओढू नये.

‘लक्ष ठेवा’ हा सल्ला सगळेच देतात. त्या दिवशी सहा जणांचे लक्ष होते. लहान मुलाच्या हालचालीला आणि कुत्र्याच्या तोंडाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात खुर्चीतून उठताही येत नाही. त्यामुळे नजरेपेक्षा घराच्या रचनेवर भर द्यावा, असे आम्हाला वाटते. जुन्या घरांतून रांगणाऱ्या बाळासाठी दाराला आडवी फळी लावत. छोट्या कुत्र्यासाठी फळी पुरत नाही, तो उडी मारतो. जाळीचे अर्धे दार लागते. कुत्र्याची चटई अशा ठिकाणी असावी की जिथून त्याला दोन बाजूंनी निघून जाता येईल आणि जिथे मूल पोचणार नाही. मूल खात असताना आणि कुत्रा खात असताना दोघे वेगवेगळ्या खोल्यांत. कुत्रा झोपलेला असताना त्याला हात लावायचा नाही. पाहुण्यांची मुले येणार असतील त्या दिवशी कुत्रा आतल्या खोलीत, पंखा आणि पाण्याच्या वाटीसह. यात त्याचा अपमान नाही. जाता जाता: मोदकाच्या सारणातले बेदाणे, तसेच कांदा आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी ठरू शकतात, तेव्हा मुलाच्या हातून पडलेला खाऊ उचलण्याला दुसरेही कारण आहे.

सर्वांत जपण्याचा काळ मूल रांगायला लागल्यापासून सुरू होतो. पाळण्यातल्या बाळाशी कुत्र्याने जुळवून घेतलेले असते. ते बाळ एके दिवशी त्याच्या मागे येऊ लागते, शेपूट धरते, आणि कुत्र्याची नेहमीची युक्ती, म्हणजे उठून दुसरीकडे जाणे, निकामी होते. ‘त्यांची तर गट्टी आहे’ म्हणून निर्धास्त झालेले घर नेमके याच वेळी फसते.

घरात पिल्लू असेल तर जंतांचा विचार करावा. कुत्र्यातला गोल जंत आईच्या पोटातच पिल्लात शिरतो, म्हणून पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी पशुवैद्याच्या सल्ल्याने जंताचे औषध देतात. या जंताची अंडी विष्ठेतून मातीत पडल्यावर संसर्गक्षम व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा विष्ठा रोजच्या रोज उचलली आणि मुलाचे हात खाण्यापूर्वी धुतले तर बराचसा धोका टळतो.

रेबीजच्या बाबतीत मात्र ‘बराचसा’ चालत नाही. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच मृत्यूने संपतो. त्याआधी योग्य उपचार मिळाले तर जवळजवळ नेहमीच टळतो. विषाणू चाव्याच्या जागेवरून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातो. लहान मुलाच्या चेहऱ्याला चावा पडला तर ही वाट फार थोडी असते, म्हणून घाई करायची. जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. रडणाऱ्या मुलाला नळाखाली पंधरा मिनिटे धरणे किती कठीण आहे याची आम्हाला कल्पना आहे, तरी धुवावी. साबणाने विषाणूचे स्निग्ध आवरण नष्ट होते. हळद, चुना, तिखट यांतले काहीही लावू नये. मग थेट दवाखाना. कातडी फुटलेली असेल तर लसीबरोबर जखमेतच तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन द्यावे लागते आणि टाके शक्यतो नंतर घालतात. हे डॉक्टरांना आठवणीने विचारावे.

आमच्या पिढीतल्या अनेकांनी लहानपणी कुत्रा चावल्याचे घरी लपवले, कारण बेंबीभोवतालच्या चौदा इंजेक्शनांची धास्ती होती. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस भारतात २००४ साली बंद झाली. आताची लस दंडात देतात: स्नायूत दिल्यास साधारणपणे पहिल्या दिवशी आणि मग ३, ७, १४ व २८व्या दिवशी, त्वचेत दिल्यास १४वा दिवस वगळून. सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते. मुले मात्र अजूनही त्याच चौदा इंजेक्शनांच्या गोष्टी ऐकत असतात. ही भीती वर्गात काढून टाकणे शिक्षकांनाच शक्य आहे.

“आमचा तर घरचा, लस टोचलेला आहे,” असे म्हणून घरीच निर्णय घेऊ नये. तिसऱ्या महिन्यानंतर लस, ठरल्याप्रमाणे पुन्हा मात्रा आणि दरवर्षी एक, असे लेखी कार्ड असेल तर ते डॉक्टरांना दाखवावे. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात, कारण लाळेत विषाणू आलेला कुत्रा एवढ्या मुदतीत आजारी पडतो आणि मरतो. पण हे दहा दिवस वाट बघण्याचे नाहीत. उपचार आधी सुरू करायचे. सर्वांत जास्त फसगत होते ती मुलांनी गल्लीतून उचलून आणलेल्या पिल्लाबाबत. दोन महिन्यांच्या पिल्लाला लस मिळालेली नसते आणि त्याला रेबीज होऊ शकतो, हे अनेक घरांत कोणाच्या डोक्यातही येत नाही.

वर्गात काय करता येईल? पहिली-दुसरीच्या मुलांना ‘झाड व्हा’ हा खेळ शिकवावा. कॅनडात सुरू झालेला हा खेळ आहे: अनोळखी किंवा अंगावर येणारा कुत्रा दिसला की पळायचे नाही, फांद्या म्हणजे हात घडी करून घ्यायचे, नजर आपल्या मुळांकडे म्हणजे पावलांकडे, आणि गप्प उभे राहायचे. मोठ्या मुलांना घरच्या कुत्र्यावर एक निरुपद्रवी प्रयोग मोठ्यांच्या देखत करता येतो. कुत्रा आपणहून जवळ आल्यावर छातीजवळ किंवा मानेच्या बाजूला तीन सेकंद खाजवायचे आणि हात काढून घ्यायचा. तो पुढे सरकून हाताला नाक लावतो, की मान फिरवून नाक चाटतो, याची नोंद करायची. सकाळ-संध्याकाळ आठवडाभर नोंदी केल्या, तर पाहुणे असलेल्या दिवशी, जेवणाच्या वेळी, उकाड्यात त्याची उत्तरे कशी बदलतात हे मुलांना स्वतःच दिसेल. पाचवीच्या पुढे हा प्रयोग चांगला जमतो; त्याहून लहान मुलांना ‘नाही’ हे उत्तर कळले तरी त्यांचा हात थांबत नाही.

त्या बाईंनी कुत्रा देऊन टाकला नाही. दाढ काढली, स्वयंपाकघराला जाळीचे दार लावले. मुलाच्या ओठावर बारीक व्रण राहिला आहे. तो फोटो त्यांनी शाळेतल्या सातवीच्या वर्गाला दाखवून, यात काय दिसते ते लिहायला सांगितले. डोळ्याची कोर, कान आणि जीभ बहुतेकांनी ओळखली. एका मुलीने लिहिले की कुत्र्याचा पुढचा एक पाय जमिनीवरून उचललेला आहे. बाईंनी ते आम्हाला कळवले तेव्हा आम्ही फोटो पुन्हा उघडून पाहिला. पाय उचललेला होता. आमच्या नजरेतून तो सुटला होता.